बाईंचं केअरलेस

बाईंना इंग्रजी येत नव्हतं. पण एक इंग्रजी शब्द त्या अशा काही हक्काने वापरायच्या, की तो त्यांच्या माहेरहूनच आला असावा असं वाटे. तो शब्द म्हणजे ‘केअरलेस’. फाटक उघडं टाकून जाणारा पेपरवाला केअरलेस, तुटक्या बटणाचा शर्ट घालून साहेबासारखा फिरणारा शेजारी केअरलेस, डब्याचं झाकण वाकडं लावणारी सख्खी बहीणही केअरलेस. एकदा गच्चीत वाळत घातलेले कपडे ऐन वेळी भिजले, तेव्हा त्या वर बघत म्हणाल्या होत्या, “काय हे केअरलेस आभाळ!” बिचारं आभाळ! त्याला आजवर कुणी असं तोंडावर बोललं नसेल.

गल्लीतले लोक पाठीमागे त्यांना ‘केअरलेसबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. “म्हणू देत,” त्या म्हणायच्या, “आधी घरातले नळ नीट बंद करा म्हणावं, मग मला नावं ठेवा.”

हा शब्द त्यांना मिळाला कारखान्यात. लग्नाआधीपासून त्या तिथे मशीनवर बसत. तान्ह्या मुलांचे कपडे शिवायचा कारखाना होता तो. झबली, टोपडी, दुपटी आणि असलंच सगळं मऊमऊ. पत्र्याच्या छपराखाली लांबलचक हॉल आणि त्यात मशिनींच्या रांगा. रांगेला तिथे लाइन म्हणत. सकाळी स्विच पडला की सगळ्या मशिनी एकदम सुरू व्हायच्या, आणि मग शेजारणीशी बोलायचं तर तिचे ओठ वाचावे लागायचे. बाईंना पुढे जन्मभर दुरून ओठ वाचता येत. गल्लीतल्या बायकांना त्याचा त्रास होई, पण त्याला बाईंचा इलाज नव्हता.

लाइनीच्या सुपरवायझरना सगळ्या पोरी मामा म्हणत. बुटका बांधा, पुढे आलेलं पोट, आणि खिशात कायम घोड्याच्या नालेसारखा एक लोहचुंबक. मामांनी सबंध नोकरी तीन इंग्रजी शब्दांवर काढली: ओके, रिजेक्ट आणि केअरलेस. त्यातला तिसरा त्यांनी उच्चारला, की मशीनवरच्या पोरींचं धाबं दणाणायचं.

मामांच्या लाइनीचा एक नियम होता. शिवताना सुई मोडली की हात वर करायचा. हात वर दिसला की मामा स्विच पाडायचे आणि अख्खी लाइन थांबायची. सगळ्यांनी पाय वर उचलून बसायचं, जागचं हलायचं नाही. मग मामा गुडघ्यांवर बसून फरशीवरून चुंबक फिरवायचे. मोडलेले तुकडे मिळाले, की ते एका कागदावर जोडून चिकटवायचे. सुई पुन्हा टोकापासून बुडापर्यंत अखंड दिसली तरच नवी सुई हातात पडायची. एखादा तुकडा मिळालाच नाही, तर त्या मशीनवरचं सगळं शिवण कापून टाकायचं. मग ते झबलं कितीही देखणं असो.

बाई नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. जाड शिवणीवर त्यांची सुई काट्कन मोडली. शेजारच्या मशीनवरच्या पोरीने ओठांनीच सांगितलं, ‘पायानं ढकल. कुणी बघत नाही.’ त्या पोरीचं मनही काही वाईट नव्हतं. लाइन थांबली की सगळ्यांचं काम अडायचं आणि नजरा सुई मोडणारीकडे वळायच्या. बाईंनी पाय पुढे केला, मग मागे घेतला, आणि हात वर केला.

स्विच पडला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये अशी शांतता पसरली की बाईंना वाटलं, आता आपली छातीच सगळ्यांना ऐकू येणार. मामा आले, वाकले, त्यांनी बराच वेळ शोधलं, आणि तुकडा त्यांना पेडलच्या खाचेत मिळाला. आता तो शब्द येणार म्हणून बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या.

“सुई मोडायचीच,” मामा म्हणाले. “लोखंड आहे ते, माझ्या सासूची जीभ आहे का न मोडायला? मोडली म्हणून कुणी केअरलेस होत नाही. मोडली आणि गप्प बसली, ती केअरलेस.” मग त्यांनी ते झबलं उचलून सगळ्यांना दाखवलं. “हे घालणारं पोर बोलत नाही, पोरींनो. आत टोचलं तर ते नुसतं रडतं. आणि आई म्हणते, भूक लागली असेल.”

बाईंच्या मनात ते वाक्य जे रुतलं ते कायमचं.

पण पोरीच त्या! इतका वजनदार शब्द त्यांच्या हाती लागल्यावर त्या काय स्वस्थ बसतात? जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्याचा पार चेंडू करून टाकला. साखर कमी पडली की चहा केअरलेस. बघायला येतो सांगून न आलेला मुलगा केअरलेस. एकीच्या नवऱ्याने तिचं नाव सोडून भलतंच नाव घेतलं, तर तो डबल केअरलेस. मामांच्या पुढे आलेल्या पोटावरचं सदऱ्याचं बटण एकदा उडालं, तेव्हा सगळी लाइन एका सुरात ओरडली, “केअरलेस!” मामांनी शांतपणे वाकून ते बटण शोधलं, खिशात टाकलं आणि म्हणाले, “सापडलं. ओके.” बाईंना म्हातारपणी तो हॉल आठवे तो असा, हसण्याने भरलेला. मशिनींचा आवाज त्या हळूहळू विसरल्या, पण ते हसू त्यांच्या कानात तसंच राहिलं.

बाईंचं लग्न झालं एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याशी. या माणसाच्या घरी बाईंच्या शब्दाला रोजचं काम मिळालं. दुसऱ्यांच्या रेडिओचा बारकासा स्क्रूही डोळ्यांत तेल घालून जपणारा हा गृहस्थ स्वतःची छत्री मात्र जिथे जाईल तिथे ठेवून यायचा. चष्मा कपाळावर असताना तो घरभर चष्मा शोधायचा. एकदा तर तो घरी आला तोच एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात कुणा परक्याची चप्पल घालून.

“अहो, एवढी वाट चाललात, पायाला तरी कळलं नाही?”

“कळलं ना. पण मला वाटलं, पायच बदललाय.”

“केअरलेस!”

“बरोबर. बोल पुढे.”

अशा माणसावर रागावणार तरी किती? पुढे पुढे तर तो शब्द म्हणजे जणू त्यांचं घरातलं नावच झालं. बाईंनी स्वयंपाकघरातून “केअरलेस!” म्हणून हाक मारली, की बाहेरच्या खोलीतून, उघड्या रेडिओवर वाकलेल्या त्या माणसाचा आवाज यायचा, “आलो!” काय चुकलं हे त्याला ठाऊक नसायचं. पण तो आधी आलो म्हणायचा आणि मग येऊन विचारायचा. मुलगा मोठा झाला तसा त्याच्याही वाट्याला तो शब्द आला. त्याची कंपासपेटी, त्याचा रुमाल, त्याच्या बुटांच्या सुटलेल्या नाड्या. त्या घरात प्रेम म्हणून कुणी काही वेगळं बोललेलं कुणाला आठवत नाही. त्याची तशी गरजही पडली नाही.

मामांनी लाइन सोडली तो दिवसही बाईंना लख्ख आठवे. कुणाची तरी सुई मोडली होती, लाइन थांबली होती. एका पोरीला टोक मिळालं. तिने ते मामांच्या तळहातावर ठेवलं. मामा तळहाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, “कुठंय?”

“हातावर आहे ना मामा.”

मामांनी हात डोळ्यांजवळ नेला, उजेडाकडे धरला. मग त्यांनी खिशातून चुंबक काढला आणि बाईंच्या हातात दिला. “घे. उद्यापासून तू.”

“मामा, असं काय करता? चष्मा बदला ना.”

“बदलून झालाय गं,” मामा म्हणाले आणि हसले. त्यानंतर ते थोडे दिवस खोकी बांधायच्या खात्यात बसले आणि मग घरीच राहिले. तक्रार करताना त्यांना कुणी ऐकलं नाही.

बाईंनी तो चुंबक पुढे स्वतःची नोकरी संपेपर्यंत सांभाळला, आणि निघताना पोरींनी तो त्यांनाच देऊन टाकला. घरी तो त्यांच्या शिलाई मशीनच्या खणात राहिला. एका हिवाळ्यात रेडिओवाला माणूस गेला, अगदी त्याच्या स्वभावाला धरून, काही न सांगता, दुकानात एक रेडिओ उघडा टाकून. बाईंनी तेव्हा फार आरडाओरडा केला नाही. पण नंतर कित्येक महिने त्या कशावर तरी चिडून “केअरलेस!” म्हणायच्या आणि मग उगाच थांबायच्या. बाहेरच्या खोलीतून काहीच यायचं नाही. शब्द तोच होता, पण त्याला ओ देणारं माणूस नव्हतं.

मग नात झाली. तिचं ठेवलेलं नाव काहीही असो, बाई तिला ठकी म्हणत. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आणि सून दातांच्या दवाखान्यात, तेव्हा दिवसभर ठकी बाईंकडे. घराला पुन्हा आवाज आला. ठकी रांगायला लागली, जे दिसेल ते तोंडात घालायला लागली, आणि बाई दिवसभर तिच्यामागे फिरत म्हणू लागल्या, “केअरलेस गं माझी बाई ती!” ठकी खदखदून हसायची. बाईंना वाटे, मला आता देवाकडे मागायचं काही उरलं नाही.

आणि त्यातच ते दूध करपलं. बाईंनी गॅसवर दूध ठेवलं, ठकीचे कपडे बदलायला गेल्या आणि विसरल्या. मुलगा लवकर घरी आला होता. दार उघडलं तर स्वयंपाकघरात धूर, पातेलं काळंठिक्कर, आणि आई आतल्या खोलीत दुपट्याच्या घड्या घालत बसलेली. त्याने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि तो ओरडला, “आई! किती केअरलेस!”

हुबेहूब बाईंचाच सूर. तो स्वतःच दचकला. बाई पातेलं घेऊन घासत बसल्या, आणि ते घासून निघण्यासारखं नव्हतं हे त्यांनाही दिसत होतं.

रात्रीच्या जेवणाला मुलाने हळूच विषय काढला. “पुढच्या महिन्यापासून ठकीला पाळणाघरात घालूया का? आई, तुझ्यावर फार पडतं.” बाईंचा घास हातातच राहिला. सून म्हणाली, “लगेच नको. थोडे दिवस बघू. आईंना किती लळा आहे तिचा.”

थोडे दिवस बघू! बाईंना आता पुढचं सगळं स्पष्ट दिसत होतं. आणखी एक चूक, की ठकी गेली. मग सकाळी सगळे निघून गेल्यावर या घरात त्यांनी करायचं काय? भिंतींना केअरलेस म्हणायचं? दुधाने तोंड पोळलेलं, आता त्या ताकही फुंकून पिऊ लागल्या. गॅस बंद केला की परत जाऊन बघत, दार लावलं की ओढून बघत. दिवसभर जीव टांगणीला. पण ठकी संध्याकाळी आईच्या कडेवर जाताना बाईंकडे बघून हात हलवायची, आणि बाईंचा शीण कुठल्या कुठे पळून जायचा.

अशाच एका दुपारी बाई ठकीसाठी फ्रॉक शिवत होत्या. ठकी मशीनच्या पायथ्याशी चिंध्यांचा ढीग करून बसली होती. घेराच्या चुण्यांवर कापड जाड झालं होतं. काट्कन आवाज झाला.

बाईंनी आधी ठकीला उचललं. तिच्या मुठी उघडून बघितल्या, तोंडात बोट घालून हिरड्या, जीभ, गाल, सगळं चाचपलं. ठकीने भोकाड पसरलं. तिच्या अंगावरचे कपडे काढून, झटकून, तिला त्यांनी आतल्या खोलीत कठड्याच्या पलंगावर नेऊन ठेवलं. मग मशीन बघितली. सुईचं बूड जागेवर होतं, टोक नव्हतं. बाईंनी खणातून मामांचा चुंबक काढला. फ्रॉकवरून फिरवला, चिंध्यांवरून फिरवला, फरशीवरून फिरवला. एक जुनी टाचणी मिळाली. मशीनखालची बॉबिनची जागा उघडून वाकून वाकून बघितली. काही नाही.

आतून ठकीचं रडणं ऐकू येत होतं. ‘आणि आई म्हणते, भूक लागली असेल.’

आता खरं बोलायचं तर तिथे बघणारं कुणी नव्हतं. केर काढून बाहेर टाकला असता, नवी सुई लावली असती, संध्याकाळी सुनेच्या हाती नवा फ्रॉक ठेवला असता, तर कुणाला काय कळणार होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलं तर मात्र काय होणार हे बाईंना पुरतं ठाऊक होतं. इतक्या वर्षांनी त्यांच्या डोळ्यांसमोर ते ओठ आले. ‘पायानं ढकल. कुणी बघत नाही.’

हात वर करावा तर समोर मामा नव्हते. बाईंनी फोन उचलला आणि सुनेला लावला.

“अगं, माझी सुई मोडली. टोक मिळत नाही. ठकी तिथेच खेळत होती. तिच्या तोंडात, हातात काही नाही, मी बघितलंय. पण तू ये. आणि त्यालाही बोलाव.”

सून धावतपळत आली आणि थेट ठकीकडे गेली. मागोमाग मुलगा आला. दारातून त्याने बघितलं. बाईंना त्याच्या ओठांवर तो शब्द दुरूनच दिसला. पण त्याच वेळी त्याला आई दिसली. केस विस्कटलेले, हातात चुंबक, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीशिवाय न बसणारी आई फरशीवर गुडघे टेकून बसलेली. त्याने तोंड मिटलं.

“चपला बाहेर काढ,” बाई म्हणाल्या. “आणि मी सांगेन तिथेच पाय ठेव.”

तिघांनी मिळून शोधलं. बाई सांगत होत्या आणि ती दोघं ऐकत होती. पलंगाखाली, गालिच्याखाली, फ्रॉकच्या एकेका चुणीत. शेवटी सुनेने फोनचा उजेड मशीनखाली धरला, बॉबिनच्या जागेत वाकून बघितलं आणि म्हणाली, “आई, हे बघा!”

आत धाग्यांचा इतका कचरा साचला होता की त्याची गादीच झाली होती. त्या गादीत टोक रुतून बसलं होतं. मुलाने एवढा मोठा श्वास सोडला आणि तो हसायला लागला. “काखेत कळसा आणि गावाला वळसा! अगं आई, इथेच तर होतं!”

बाई हसल्या नाहीत. तिथे त्यांनी दोनदा बघितलं होतं. आणि मशीन तर त्या रोज पुसत होत्या. मग एवढा कचरा आला कुठून?

सुनेने ते टोक तळहातावर घेऊन त्यांच्यापुढे धरलं. बाईंनी तळहाताकडे बघितलं.

“कुठंय?”

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि बाईंनी हातातला चुंबक घट्ट धरला. सुनेने त्यांचं बोट धरलं आणि टोकावर नेऊन टेकवलं. बोटाला ते लागलं. डोळ्यांना तिथे नुसताच गोरा, स्वच्छ तळहात दिसत होता.

बाई उठून खुर्चीवर बसल्या. मुलाने पाणी आणून दिलं. त्यांनी एक कागद मागितला, सुईचं बूड आणि टोक सुनेकडून त्यावर जोडून चिकटवून घेतलं आणि अखंड सुई झाल्याची खात्री बोटाने करून घेतली. मग खणातलं सुयांचं पाकीट काढून ते चुंबकासकट सुनेच्या हातात ठेवलं.

“हे आता तुझ्याकडे. आणि ठकीला पाळणाघरात घाला.”

“आई, असं का बोलता?” सुनेचे डोळे भरून आले. “आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. तुम्ही फोन केलात म्हणून तर सापडलं. तुम्ही केअरलेस नाही आहात.”

“नाहीच मुळी,” बाई ताडकन म्हणाल्या. “म्हणून तर सांगतेय.”

मुलगा खाली मान घालून उभा होता. तो काहीतरी बोलायला गेला, पण बाईंनी त्याला हातानेच थांबवलं आणि आत जाऊन ठकीला उचललं. तिच्या मानेत तोंड खुपसून त्या कितीतरी वेळ तशाच राहिल्या.

पहिल्या दिवशी ठकीला पाळणाघरात सोडायला बाई स्वतः गेल्या. ठकी त्यांच्या कडेवर होती आणि मुलगा बरोबर होता. त्यांनी त्याचा हात धरला होता, आणि तो हळू चालत होता. पाळणाघराच्या फाटकाशी आल्यावर बाईंच्या हाताला कळलं की कडी लागलेली नाही. त्यांच्या आधी कुणीतरी मूल सोडून, फाटक तसंच टाकून गेलं होतं. बाईंचा पारा चढला.

“केअरलेस!”

आत कुणाला तरी हाक ऐकू गेली असावी. लांबच्या खोलीतून एका बाईचा आवाज आला, “आले हं, आले!”

बाई जागच्या जागी थबकल्या. कितीतरी दिवसांनी त्या शब्दाला कुणीतरी ओ दिली होती. “काय झालं, आई?” मुलाने विचारलं. “काही नाही,” बाई म्हणाल्या, आणि ठकीला त्याच्याकडे देऊन त्यांनी आधी चाचपत फाटकाची कडी लावली.